होस्टेलवर रविवारी कुठला पिक्चर लावायचा? माझं मत: मोटिव्हेशनवाले आता बास

चौदा नंबर रूम:
मंडळी, विषय साधाच आहे पण डोकं फिरलंय म्हणून लिहायलो. आमच्या लातूरच्या होस्टेलवर रविवारी रात्री मेसमधी पिक्चर असतो. भिंतीला पांढरी चादर, एका सीनियरचा जुना प्रोजेक्टर, स्पीकर मेसवाल्या काकाचा, तोही लग्नातला. साठेक पोरं बसतेत. गेल्या पाच रविवारी काय लागलं सांगू? ट्वेल्थ फेल, छिछोरे, थ्री इडियट्स, परत ट्वेल्थ फेल, आणि पाचव्या वेळी कुणाच्या तरी सरांनी पाठवलं म्हणून दीड तासाचं लेक्चर, ते तर पिक्चर पण नव्हतं. पोरं बघतेत, डोळे पुसतेत, रात्री बाराला म्हणतेत उद्यापासून पाचला उठायचं, आणि सोमवारी आठला सगळे घोरायलेत.

माझं म्हणणं असं की हे पिक्चर आपल्याला गंडवतेत. एक पोरगं शेवटी जिंकतं आणि टाळ्या. इथं एकेका बॅचला हजारो पोरं मेडिकलच्या नीट परीक्षेला बसतेत, त्यातल्या बाकीच्यांचं काय झालं ते कुणी दाखवत नाही. त्यापेक्षा पोरांनी फँड्री बघावा, टिंग्या बघावा, कोर्ट बघावा, कासव बघावा. फँड्रीतला तो सीन आठवा, जब्याच्या घरची माणसं डुकरामागं पळायलीत आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे आणि डुक्कर चाललंय आरामात. मला तो सीन दोन दिवस झोपू देईना. शेवटी जब्या दगड मारतो तो सरळ आपल्याकडं येतो. असं काहीतरी बघा राव. लिस्ट मी दिली, तुमची द्या, नसंल पटत तर भांडा.

पंख्याखाली:
शेवट सांगून टाकलास की भावा. मी बघणार होतो.

चौदा नंबर रूम:
२०१४ ला थेटरात लागलेला पिक्चर आहे लेका, कधी बघणार होतास?

बीडचा बाप्पा:
बाप्पा, माफ करा पण तुमची लिस्ट पोट भरलेल्या माणसाची वाटायली. माझे मायबाप दसऱ्याला कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातेत ते उन्हाळा लागल्यावर परत येतेत. कोयता म्हणजे काय ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगतो, आमच्याकडं एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ पैसे जोडीवर मिळतेत, मुकादम जोडी मोजतो. मी सातवीपर्यंत आजीजवळ राहिलो. आता सांगा, सहा दिवस क्लास, टेस्ट, मेसची ती पाण्यासारखी आमटी, आणि रविवारी मी चादरीवर परत कुणाचा तरी बाप रडताना बघू? मला ते बघायला पिक्चर लागत नाही, फोन लावला की ऐकू येतं. रविवारी मला अशी ही बनवाबनवी पायजे. १९८८ चा पिक्चर आहे, माझ्या जन्माच्या आधीचा, चौतीस वेळा बघितलाय, अजून हसू येतं. हसणं हलकं असतं असं कुणी ठरवलं?

गेट सात वाजता:
बाप्पांना अनुमोदन. पण दादा तुमच्या लिस्टला आणखी एक भोक आहे ते तुम्हाला दिसलंच नाही. जब्या, टिंग्या, कोर्टातला शाहीर, कासवातला तो पोरगा. सगळे बाप्येच. मी संभाजीनगरला मुलींच्या होस्टेलवर आहे, आमचं गेट सातला बंद होतं, प्रोजेक्टर वगैरे लाड नाहीत, एका मोबाईलवर चार जणी बघतो, एकीचा नेट पॅक संपला की दुसरीचा हॉटस्पॉट. आम्ही मागच्या महिन्यात उंबरठा बघितला. १९८२ चा. स्मिता पाटील घर सोडून महिलाश्रमात नोकरीला जाते आणि परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. आमच्यातल्या एकीचं लग्न ठरायलंय, तिनं मधीच मोबाईल उलटा केला आणि म्हणाली मला पाणी प्यायचंय. पाणी तिच्या शेजारीच होतं.

आणि अंकुर बघा. १९७४, श्याम बेनेगल, शबाना आझमीचा पहिला पिक्चर. कामून सांगते, तर त्यात जे हिंदी बोलतेत ना ते मुंबईचं नाही, हैदराबादकडचं दख्खनी आहे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामात होता, इथं सिटी चौकात अजून तसंच बोलतेत, "नक्को", "हौ", "कायकू". माझी आज्जी शेजारच्या खालांशी तसंच बोलायची. पिक्चर सुरू झाला आणि मला वाटलं आज्जीच्या ओसरीवर बसलीय.

चौदा नंबर रूम:
ताई, भोक मान्य. उंबरठा मी बघितलेला नाही. बाप्पा तुमचं मात्र अर्धंच मान्य, कारण कष्ट माहिती असणं वेगळं आणि ते कुणीतरी नीट मांडलेलं बघणं वेगळं. माझा बाप पण शेतकरीच आहे, पोट भरलेलं कुणाचं?

हाळीचा बाजार:
मी कधी लिहीत नाही इथं पण टिंग्याचं नाव आलं म्हणून. त्यात पोराचा बैल चितंग्या खड्ड्यात पडून लंगडा होतो आणि घरचे विकायला काढतेत. मी तो पिक्चर अर्ध्यातून पुढं बघितला नाही आजपर्यंत. २०१६ ला, ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं मिरजेहून पाणी आलं, त्या वर्षी आमची बैलजोडी हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नेली. कडबा परवडत नव्हता. मी बरोबर गेलो होतो, आठवीत होतो. एक बैल शांत गेला, दुसऱ्यानं पाय रोवले, बाप त्याच्या तोंडावरून हात फिरवायचा आणि मग कासरा सोडून दिला गिऱ्हाइकाच्या हातात आणि माझ्याकडं बघितलंच नाही, गाडीत बसेपर्यंत बघितलं नाही. मला त्या गोष्टीवर पिक्चर वाईट आहे असं म्हणायचं नाही. चांगलाच असणार, त्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ना. फक्त साठ पोरांत मला बसवू नका एवढंच.

पंख्याखाली:
भावा…

जुना मुक्कामी:
मी तुमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, नांदेडला शिकलो. आमच्या वेळी निवड असायचीच नाही. दूरदर्शनवर रविवारी चारला जो मराठी पिक्चर लागंल तो पिक्चर, लाईट असंल तर. सामना मी तसा बघितला. निळू फुल्यांचा साखरसम्राट आणि लागूंचा दारुडा मास्तर, आणि मारुती कांबळेचं काय झालं हा एकच प्रश्न सगळ्या पिक्चरभर टोचत राहतो. त्या वयात निम्मं कळलं नाही. पण गावात निवडणूक लागली आणि मग कळलं. म्हणून माझं म्हणणं, आज कळंल का, आवडंल का हे बघून पोरांना पिक्चर सांगायचा नसतो. टाकून ठेवायचा कानावर.

बीडचा बाप्पा:
काका, सामना मी बघितलाय आणि भारी आहे, पण त्यात कारखाना बंगल्यावरून दिसतो. फडातून कसा दिसतो ते बघायचं असंल तर आमच्याकडं या.

जुना मुक्कामी:
हे मात्र खरं बोललास.

शांततेत अभ्यास:
मला फँड्रीबद्दल बोलायचंय. पिक्चर चांगला आहे, प्रश्न नाही. पण होस्टेलवर सगळ्या समाजाची पोरं एकत्र राहतेत, गुण्यागोविंदानं राहतेत, तिथं जातीचा विषय चादरीवर लावून कशाला उकरायचा? आधीच वातावरण तापलेलं असतं. एक कुणीतरी काहीतरी बोलणार, दुसरा स्टेटस ठेवणार, मग रेक्टर पिक्चरच बंद करणार. सैराटच्या वेळी काय झालं होतं आठवा जरा.

बाभळीचा काटा:
गुण्यागोविंदानं? दादा मला होस्टेलवर पहिल्या दिवशी तीन जणांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. तिघंपण म्हणाले "पूर्ण नाव?" आडनाव सांगितल्यावर एकानं बेड बदलून घेतला, कारण खिडकीचं सांगितलं. तर विषय चादरीवर लावायच्या आधीच रूममधी असतो. १९७८ पासून १९९४ पर्यंत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून इथं लोकांनी मार खाल्ला, घरं जळाली, आणि आपण दीड-दोन तासाच्या पिक्चरला घाबरायलो. सैराटचं म्हणाल तर मला एकच आठवतं, गाण्यांना थेटरात पोरं नाचली आणि शेवटची दहा मिनिटं झाल्यावर सगळे मुकाट्यानं बाहेर आले, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात परत फक्त गाणीच. शेवटच्या त्या लेकराच्या रक्ताळलेल्या पावलांबद्दल कुणी बोललं का?

शांततेत अभ्यास:
तुझ्याबरोबर झालं ते चूकच आहे भावा. तरी मी म्हणतो पिक्चरनं तो बेड परत येत नाही.

बाभळीचा काटा:
बेड नको मला. त्यानं बघावा एवढंच पायजे.

पंख्याखाली:
विषय जड झाला म्हणून एक हलकं. पिक्चरमधी आपल्या मराठवाड्याची बोली आली की ती नोकराला नाहीतर येड्याला कामून देतेत? हिरो पुण्याचं बोलणार आणि "लै", "कामून" म्हणणारा दिसला की थेटर हसायला तयार. मकरंद अनासपुरेंनी आपली बोली गाजवली हे खरं, पण लोकांनी त्यातलं हसणंच उचललं.

जुना मुक्कामी:
अनासपुरेंचाच गोष्ट छोटी डोंगराएवढी बघ मग. तीच बोली, विषय शेतकऱ्याचा, हसू घशातच राहतं. आणि बोलीचं म्हणशील तर प्रा. लक्ष्मण देशपांड्यांनी वऱ्हाड निघालंय लंडनला या नाटकामधी एकट्यानं पन्नासाच्या वर पात्रं आपल्याच बोलीत उभी केली, सगळं थेटर हसायचं, पण बोलीला नाही, माणसाला हसायचं. फरक आहे.

गेट सात वाजता:
दादा मला परत पहिल्या मुद्द्यावर यायचंय, ट्वेल्थ फेल तुम्ही दोनदा बघितला म्हणता पण नीट बघितला नाही. सगळे मनोजकडं बघतेत, पिठाच्या गिरणीत दळण, शेवटचा अटेम्प्ट, इंटरव्ह्यू, टाळ्या. त्यात गौरी भैया आहे ना? ज्याचे अटेम्प्ट संपलेत. तो गावाकडं जात नाही, तिथंच चहाचं दुकान टाकतो आणि बाकीच्यांना शिकवतो. पिक्चर त्याला हरलेला म्हणत नाही. माझा राज्यसेवेचा दुसरा अटेम्प्ट गेला तेव्हा मी तो पिक्चर लावला आणि मनोजच्या सीनला मला काहीच झालं नाही, त्या चहावाल्याच्या सीनला मी उशीत तोंड घालून रडले. तुम्ही म्हणता बाकीच्यांचं काय झालं ते दाखवत नाहीत. दाखवलंय. पिक्चरच्या मधोमध उभा आहे तो माणूस. तुम्हाला जिंकणारा बघायची सवय लागलीय म्हणून दिसंना.

चौदा नंबर रूम:
ताई हे लागलं. खरंच सांगतो, गौरी भैया मला आठवतो पण मी त्याला साईड कॅरेक्टर म्हणूनच धरलं होतं. मागं घेतो तेवढं. बाकी मोटिव्हेशन लेक्चर मात्र बंदच.

बीडचा बाप्पा:
त्याला सगळ्यांचं अनुमोदन.

चौदा नंबर रूम:
अपडेट देतो, काल रविवार झाला. मेसमधी हात वर करायला लावले, फँड्रीला एकतीस, बनवाबनवीला अठ्ठावीस. फँड्री लागला. राष्ट्रगीताचा सीन आला आणि पुढच्या रांगेतली सात-आठ पोरं सवयीनं उठून उभी राहिली, मागचे हसले, मग ते पण थांबले, आणि तेवढ्या वेळात चादरीवरचं डुक्कर निघून गेलं. पिक्चर संपल्यावर कुणी काही बोललं नाही, ताटं धुवायला गेले. शेवटच्या रांगेतला एक ज्युनिअर मात्र दगडाच्या आधीच उठून गेला होता, त्याच्या रूमवर गेलो तर झोपल्याचं नाटक करायलाय. मी पण काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी बनवाबनवी. त्याच्या पुढं उंबरठा, प्रिंट कुणाकडं चांगली असंल तर सांगा. हाळीवाल्या भावा, टिंग्या लिस्टमधून काढलाय.

हाळीचा बाजार:
काढू नको. मी त्या रविवारी गावाकडं जाईन, तू लाव.