हेड कोच गेला, डिस्ट्रिक्ट पण बदललं, पोराला दुसऱ्या शाळेत न्यावं का? (टेक्सास हायस्कूल फुटबॉल)

पेठेतला_टेक्सन

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. ज्यांची मुलं इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतात किंवा खेळून गेलीत त्यांना खास विचारतोय. "डोक्याला मार लागेल, त्यापेक्षा टेनिसला घाला" हे सल्ले कृपया नकोत, ते आईकडून दर रविवारी फोनवर मिळतात.

तर मुलगा सोफोमोर आहे, म्हणजे दहावीत. स्लॉट रिसीव्हर खेळतो, म्हणजे आतल्या बाजूला उभा राहून पास पकडणारा. उंची आमच्या खानदानाची, म्हणजे विचारू नका, पण पळतो भन्नाट आणि हातात आलेला बॉल सोडत नाही. यंदा जेव्हीला (शाळेच्या दुसऱ्या टीममध्ये) होता, पुढच्या वर्षी व्हार्सिटीत (मुख्य टीममध्ये) नक्की असं कोचनी त्याला स्वतः सांगितलं होतं. डिसेंबरात त्याच कोचनी राजीनामा दिला, दुसऱ्या शाळेत गेले. नवीन कोच जो येतोय तो आधीच्या शाळेत स्लॉट-टी चालवायचा म्हणे, म्हणजे सगळी पळापळी, पास नावालाच, मग रिसीव्हरनी करायचं काय? त्यात फेब्रुवारीत यूआयएलची (शाळांचे खेळ चालवणारी राज्याची संस्था) रिअलाइनमेंट, म्हणजे शाळांच्या गटांची फेरमांडणी, आली आणि आम्हाला ६ए च्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या शाळांच्या वर्गातल्या, अशा डिस्ट्रिक्टमध्ये (गटात) टाकलंय की त्यातल्या निम्म्या टीम दरवर्षी प्लेऑफमध्ये दोन-तीन राउंड खेळूनच घरी येतात.

आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धुमाकूळ चाललाय. दोन घरं शेजारच्या शाळेच्या हद्दीत अपार्टमेंट भाड्यानं घ्यायचं म्हणतायत, आणि एकानी मला पण विचारलं, येता का म्हणून. मी मूळचा कोल्हापूरचा, पाटाकडील तालमीकडून प्रॅक्टिस क्लबकडे गेलेल्या फुटबॉल प्लेअरला शाहू स्टेडियमवर काय काय ऐकावं लागतं ते लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे मनाला पटत नाहीये, पण पोराचं नुकसान नको. काय करावं?

शुक्रवारचा_बाप

दादा, आधी अपार्टमेंटचा विषय डोक्यातून काढा, बाकीचं नंतर बोलू.

माझी दोन्ही पोरं इथंच खेळून गेली. शाळा बदलली की पीएपीएफ भरावा लागतो, प्रीव्हियस ॲथलेटिक पार्टिसिपेशन फॉर्म. त्यावर जुन्या शाळेची सही लागते, आणि पोरगं खेळासाठी शाळा बदलतंय असं वाटतं का हे जुन्या शाळेला तिथं सरळ विचारलेलं असतं. त्यांनी हो म्हटलं की मामला डिस्ट्रिक्ट एक्झिक्युटिव्ह कमिटीकडे जातो. या कमिटीत कोण असतं माहितीये का, त्याच डिस्ट्रिक्टमधल्या बाकीच्या शाळांची माणसं! ज्यांच्याविरुद्ध तुमचा पोरगा ऑक्टोबरात खेळणार तेच ठरवणार त्यानं खेळायचं की नाही. आणि खेळासाठी आलाय असं ठरलं की व्हार्सिटी कमीत कमी एक कॅलेंडर वर्ष बंद, खालच्या टीममध्ये खेळा. दहावीतल्या पोराचं हे वर्ष म्हणजे त्याचा अख्खा ज्युनिअर सीझन. बरं अपार्टमेंट नुसतं भाड्यानं घेऊन भागत नाही, सगळं घर खरोखर तिकडे राहायला जावं लागतं, जुनं घर तसंच ठेवून तिकडे एक गादी टाकली की झालं असं नाही. आणि हे असले प्लॅन व्हॉट्सॲपवर चालू आहेत म्हणताय, तो स्क्रीनशॉट कुठे फिरेल सांगता येत नाही.

आता कोच बदलण्याचं. आपल्या लोकांना वाटतं हेड कोच म्हणजे सगळं. इथं खरी गोष्ट स्टाफची असते. टेक्सासच्या पब्लिक शाळेत कोच हा स्कूल डिस्ट्रिक्टचा (शाळा चालवणारी संस्था, खेळाचा डिस्ट्रिक्ट नव्हे) फुल टाइम नोकर असावा लागतो, त्यामुळे बहुतेक असिस्टंट हे दिवसा हिस्टरी, बायोलॉजी, अल्जिब्रा शिकवणारे मास्तर. नवीन हेड कोचला आपला सगळा गोतावळा आणायचा असला तरी तेवढ्या शिक्षकांच्या जागा रिकाम्या पाहिजेत ना. म्हणून पहिल्या वर्षी अर्धे जुने अर्धे नवे अशी खिचडी असते. तुमच्या पोराला रोज शिकवणारा माणूस म्हणजे रिसीव्हर कोच. तो राहतोय की जातोय हे आधी बघा, माझ्या मते सगळ्यात मोठी बातमी तीच.

आणि स्लॉट-टी ला घाबरताय ते उलटं आहे हो. त्यात स्लॉटला उभा राहणारा पोरगा म्हणजे अर्धा रनिंग बॅकच. स्नॅपच्या (बॉल खेळात येण्याच्या) आधीच मोशनमध्ये आडवा पळत येतो, स्वीपवर, म्हणजे कडेनं पळायच्या खेळीत, बॉल त्याच्याच हातात. बुटका, चपळ, बॉल न सोडणारा पोरगा, अजून काय पाहिजे त्यांना? फक्त ब्लॉकिंग करावं लागेल, आणि भरपूर करावं लागेल, त्यासाठी आत्तापासून वेट रूममध्ये घाम गाळायला सांगा. खरी रड बाहेरच्या उंच रिसीव्हरची आहे, त्यांच्या आईबापांनी काळजी करावी.

अनघा_प्लेनो

शुक्रवारच्या बापाशी सहमत, पण कोच बदलल्यानं काही फरक पडत नाही असं कुणी वाचू नका, खूप पडतो. ॲलन हायस्कूलचंच बघा. टॉम वेस्टरबर्ग होते तेव्हा २००८, २०१२, २०१३, २०१४ असे चार वेळा स्टेट चॅम्पियनशिप जिंकले, शेवटच्या तिन्ही वेळा कायलर मरी क्वार्टरबॅक होता हे खरं, पण प्रोग्रामच तसा बांधलेला होता, मिडल स्कूलपासून. २०१५ च्या सीझननंतर ते गेले. मग टेरी गॅम्बिल आले, मग चॅड मॉरिस, जे कॉलेजमध्ये हेड कोच राहून आलेले आणि एकच सीझन थांबले, मग २०२२ मध्ये ली विगिंटन. टीम वाईट कधीच झाली नाही, प्लेऑफला जातातच, पण २०१७ ला गॅम्बिलच्या वेळी आलेलं एक सोडलं तर स्टेट टायटल त्यानंतर आलेलं नाही. पैशाची कमी आहे का, तर सहा कोटी डॉलरचं अठरा हजार लोकांचं स्टेडियम आहे!! (ते २०१२ ला उघडलं आणि २०१४ ला काँक्रीटला भेगा म्हणून बंद ठेवावं लागलं ती वेगळीच गंमत.)

उलटं उदाहरण केटीचं, ह्यूस्टनजवळचं. माइक जॉन्स्टन गेल्यावर २००४ ला त्यांचेच डिफेन्सचे कोच गॅरी जोसेफ हेड कोच झाले, घरातलाच माणूस, आणि २००७, २००८, २०१२, २०१५, २०२० पाच टायटल. म्हणजे नवीन माणूस बाहेरून येतोय की आतून, हे विचारायला पाहिजे. तुमचा बाहेरून आलाय म्हणजे पहिलं वर्ष धडपडीचं जाणार हे गृहीत धरा.

माझा मुलगा ऑफेन्सिव्ह लाइनला होता, त्याच्या सोफोमोर इयरनंतर असंच झालं. नव्या कोचनी पहिल्याच आठवड्यात सगळी डेप्थ चार्ट, म्हणजे कुठल्या जागेवर कोण पहिला कोण दुसरा ती यादी, पुसली, सगळ्यांना शून्यापासून. ज्यांच्या मुलांची जागा पक्की होती ते आईबाप चिडले, ज्यांची नव्हती ते खूश. जुन्या कोचनी दिलेला शब्द जुन्या कोचबरोबर गेला, हे मुलाला आत्ताच सांगून टाका म्हणजे ऑगस्टमध्ये रडारड नको. आणि एक, कोचला ईमेल तुम्ही करू नका, पोराला स्वतः ऑफिसात जाऊन हात मिळवून यायला सांगा. इथं त्याला फार किंमत आहे.

बे_एरियावाला

टेक्सासमध्ये तुमचं बरंय, आमच्या कॅलिफोर्नियात तर प्रायव्हेट शाळांचं राज्य आहे, तिकडे साउथला ट्रिनिटी लीग म्हणून सहा कॅथलिक-ख्रिश्चन शाळांची लीग आहे, मेटर डे, सेंट जॉन बॉस्को वगैरे, देशातल्या एक-दोन नंबरच्या टीम एकाच लीगमध्ये. प्रायव्हेट असल्यामुळे घराच्या हद्दीचा प्रश्नच नाही, कुठून कुठून पोरं येतात. मेटर डे चे ब्रूस रोलिन्सन ३४ सीझन करून २०२२ नंतर रिटायर झाले, २०२३ ला फ्रँक मॅकमॅनस, २०२४ ला राउल लारा, तीन वर्षांत तीन हेड कोच, आणि तरी २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी राज्याचं ओपन डिव्हिजन, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाचं टायटल, त्यांनीच मारलं. कारण माल तोच. त्यामुळे कोच बदलला म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही, पोरं कुठली आहेत ते बघा.

अनघा_प्लेनो

@बे_एरियावाला, ते ठीक आहे, पण मेटर डे चं गणित यांच्या शाळेला कसं लागू होणार? तिथं कोच गेला तरी चांगली पोरं येत राहतात. पब्लिक शाळेत हद्दीत जी पोरं आहेत तीच आहेत, त्यांच्यातून टीम बनवायची, म्हणून इथं कोच जास्त महत्त्वाचा.

बे_एरियावाला

मान्य, पब्लिकचा मुद्दा बरोबर आहे.

पेठेतला_टेक्सन

धन्यवाद सगळ्यांना, विशेषतः पीएपीएफ चं. ग्रुपवर टाकलं तर तिथं एकदम शांतता पसरली, एकानी मेसेज डिलीट पण केला, हाहा. रिसीव्हर कोच थांबतोय असं मुलगा म्हणाला, तो केमिस्ट्री शिकवतो म्हणून बहुतेक. ब्लॉकिंगचं ऐकून साहेबांचं तोंड वाकडं झालंय.

पण डिस्ट्रिक्टचं कुणी बोललं नाही. एवढ्या तगड्या टीम, सीझन २-८ (दोन जिंकून आठ हरून) गेला तर कॉलेजवाले बघणार तरी का?

वऱ्हाडी_इन_फ्रिस्को

भाऊ, आधी हे समजून घ्या का हे डिस्ट्रिक्ट कोणी मुद्दाम तुमच्यावर खुन्नस काढायला केलं नाही. दर दोन वर्षांनी पटसंख्या बघतात, त्यावरून वर्ग ठरतो, २०२४ च्या वेळी ६ए साठी २२७५ पोरं लागत होती, मग भूगोल बघून गठ्ठे बांधतात. आमच्या फ्रिस्कोनं तर शाळाच लहान ठेवायचं धोरण ठेवलं, पाच-सहा हजार पोरांची एक शाळा करण्यापेक्षा दोन-दोन हजारांच्या ढीगभर शाळा, म्हणून आम्ही बहुतेक ५ए मध्ये. लोक हसतात आम्हाले, पण जास्त पोरं खेळतात ना राजेहो. मोठ्या शाळेत तुमच्या पोरासारखी चार स्लॉट रिसीव्हर बेंचवर बसून असतात.

दुसरं म्हणजे डिस्ट्रिक्टमधून चार टीम प्लेऑफला जातात. ६ए मध्ये त्या चारातल्या मोठ्या दोन शाळा डिव्हिजन वन ला, लहान दोन डिव्हिजन टू ला, दोन्हींची प्लेऑफ वेगळी. तुमची शाळा पटसंख्येत खालच्या बाजूला असेल तर चौथा नंबर आला तरी डिव्हिजन टू चा रस्ता मिळतो, त्यामुळे डिस्ट्रिक्टमधले राक्षस प्लेऑफमध्ये परत समोर येतीलच असं नाही. तेवढा चौथा नंबर गाठा म्हणजे झालं.

शुक्रवारचा_बाप

वऱ्हाडी भाऊंनी बरोबर सांगितलं. कॉलेजचं म्हणाल तर, खरं सांगू का, आखूड उंचीच्या सोफोमोर स्लॉटला कॉलेजच्या डिव्हिजन वन ची स्कॉलरशिप मिळणं हे फार दूरचं आहे, आणि मिळायची असली तर ती फिल्मवर (पोराच्या खेळाच्या व्हिडिओवर) मिळते, टीमच्या रेकॉर्डवर नाही. तगड्या डिस्ट्रिक्टमध्ये तगड्या कॉर्नरबॅकसमोर (रिसीव्हरला अडवणाऱ्यासमोर) काढलेली दहा यार्डं ही कमजोर टीमसमोरच्या साठ यार्डांपेक्षा फिल्मवर जास्त बोलतात. शिवाय कॉलेजचे कोच त्या मोठ्या शाळांची पोरं बघायला येतातच, तुमचा त्याच मैदानावर असतो.

आणि कोच बदलानं कुणाचं काय होतं हे सांगता येत नाही याचं माझं आवडतं उदाहरण टॉड डॉज. साउथलेकच्या कॅरल हायस्कूलला स्प्रेड (मैदानभर पसरून जास्त करून पासवर चालणारा ऑफेन्स) घेऊन आले, २००२ ते २००६ मध्ये ७९ जिंकले आणि १ हरले, ती एक म्हणजे २००३ ची फायनल, केटीकडून, १६-१५. मग कॉलेजला गेले, नॉर्थ टेक्सासला, तिथं ६-३७! हाकलले. परत हायस्कूलला आले, ऑस्टिनच्या वेस्टलेकला २०१९, २०२०, २०२१ सलग तीन स्टेट, त्यातली २०२० ची फायनल स्वतःच्या मुलाच्या टीमविरुद्ध, कारण तोवर रायली डॉज कॅरलचा हेड कोच झालेला. ५२-३४, बापानी पोराला सोडलं नाही. मग रिटायर झाले, आणि परत २०२४ ला लव्हजॉयला आले. तोच माणूस, तीच स्प्रेड, फक्त जागा बदलली.

बँडची_आई

मी फुटबॉलमधली नाही, माझी मुलगी मार्चिंग बँडला क्लॅरिनेट वाजवते, पण दर शुक्रवारी त्याच स्टेडियममध्ये बसते म्हणून लिहितेय. आमच्याकडे बँड डायरेक्टर बदलला तेव्हा अगदी असंच झालं, हीच कुजबुज, हेच ग्रुप, एक कुटुंब तर खरंच घर विकून गेलं. मुलगी म्हणाली आई मला माझे मित्र इथं आहेत, मी कुठे जात नाही, विषय संपला. तुम्ही मुलाला विचारलंत का? सगळ्या धाग्यात त्याचं मत कुठेच दिसलं नाही म्हणून विचारलं, राग मानू नका.

पेठेतला_टेक्सन

नाही हो ताई, राग कसला. विचारलं. तो म्हणाला "बाबा, आय ॲम नॉट लीव्हिंग माय बॉइज", आणि वर जेवायला काय आहे विचारलं. त्याची आईच जास्त टेन्शनमध्ये होती, आणि मी.

अजून एकच शंका, नवीन कोचनी मीटिंगमध्ये सांगितलं की स्प्रिंग प्रॅक्टिस घेणार, जुने कोच कधी घ्यायचे नाहीत. याचा काही तोटा?

शुक्रवारचा_बाप

तोटा नाही, अदलाबदल आहे. ५ए-६ए च्या शाळांना निवड असते, स्प्रिंग घेतली तर ऑगस्टमध्ये प्रॅक्टिस आठवडाभर उशिरा सुरू, नाही घेतली तर लवकर. नवीन कोच नवीन ऑफेन्स आणतोय तर स्प्रिंग घेणारच, त्याला मे महिन्यातच बघायचं असतं कोण काय आहे. म्हणून पोराला सांगा मे मध्ये आजारी पडायचं नाही आणि ट्रॅकला पळत असेल तर ते पण चालू ठेव, कोचेसना ट्रॅकवाली पोरं आवडतात. जूनमध्ये सेव्हन-ऑन-सेव्हन (सात-सात जणांचा, फक्त पासचा खेळ) असेल तर तिथं मदतीला तुम्हीच नाव द्या. पाण्याच्या बाटल्या भरायला माणसं कायम कमी पडतात.

अनघा_प्लेनो

आणि मार्क बघा हो! नो पास नो प्ले. सत्तरच्या खाली एक विषय गेला की बाहेर बसवतात, मग स्लॉट-टी असो नाहीतर काही असो. केमिस्ट्रीवाला रिसीव्हर कोच आहे म्हणालात ना, त्याच्याच वर्गात नापास झाला तर बघा मग काय होतं ते 😄