शंभर एमबीपीएसच्या ऑफिसात राउटरवर फ्लो हवा, की ग्राफ पुरे?

(खाली मजकुराच्या वर दिलेली नावं बोलणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

रामबागकर

खोडून काढायचं तर काढा, पण माझं मत पक्कं आहे. २०० एमबीपीएसपर्यंतची लाईन असलेल्या ऑफिसात राउटरवर नेटफ्लो (कोणत्या पत्त्याने कोणाशी किती डेटा हलवला याची नोंद) कायम चालू हवा, आणि तोही सॅम्पलिंगशिवाय, म्हणजे मोजके नमुने नाही तर सगळी पॅकेट मोजून. आपल्या इंदूरमध्ये 'नेट स्लो आहे' म्हटलं की एसएनएमपीचा (उपकरणाच्या पोर्टचे काउंटर वाचण्याची पद्धत) ग्राफ उघडायचा, लाईन भरलेली बघायची आणि प्रोव्हायडरला फोन लावायचा, इथवरच गाडी जाते. लाईन किती भरली हे ग्राफ सांगतो. कोणी भरली हे त्याला माहीतच नसतं. क्लॉथ मार्केटमधली एखादी पेढी घ्या: ८ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस, रेकॉर्डिंग क्लाउडवर. म्हणजे १६ एमबीपीएस अपलोड दिवसभर. अपलोड २० चाच असेल तर टॅलीचं रिमोट सेशन अडखळणारच. फ्लोमध्ये तो रेकॉर्डरचा पत्ता यादीत सगळ्यात वर येऊन बसतो.

सिस्को राउटरवर आधी फ्लो रेकॉर्ड (काय नोंदवायचं), मग एक्स्पोर्टर (कुठे पाठवायचं), मग मॉनिटर (दोन्ही जोडणारा), आणि शेवटी तो मॉनिटर इंटरफेसला लावायचा. रेकॉर्डमध्ये 'मॅच'खाली दोन्ही पत्ते, दोन्ही पोर्ट, प्रोटोकॉल, टॉस (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) आणि इनपुट इंटरफेस घ्या. 'कलेक्ट'खाली बाइट आणि पॅकेटचे लाँग काउंटर, आउटपुट इंटरफेस, आणि फर्स्ट-लास्ट टाइमस्टॅम्प. यातले शेवटचे दोन हमखास राहून जातात. मग राउटरच्या कॅशमध्ये (चालू फ्लोंच्या तात्पुरत्या यादीत) सगळं दिसतं, कलेक्टर (नोंदी गोळा करणारा संगणक) मात्र रेकॉर्ड फेकून देतो किंवा सगळा माल 'इंटरफेस ०' वर टाकतो. रेकॉर्ड वापरात असताना बदलू देत नाही; मॉनिटर इंटरफेसवरून उतरवा, त्यातून रेकॉर्ड सोडवा, मगच हात लावा.

एक्स्पोर्टरमध्ये सोर्स म्हणून लूपबॅक (कोणत्याही लाईनला न बांधलेला राउटरचा स्वतःचा पत्ता) द्या. नाही दिला तर बॅकअप लाईनवर गेल्या गेल्या पॅकेटचा सोर्स पत्ता बदलतो आणि कलेक्टरला वाटतं नवाच राउटर आला. यूडीपी पोर्ट २०५५. टेम्प्लेट (नोंदीचा साचा) पुन्हा पाठवण्याचा टाइमआउट मुळात ६०० सेकंद असतो, तो ६० करा. व्हर्जन ९ मध्ये टेम्प्लेट हाती आल्याशिवाय कलेक्टरला काही वाचता येत नाही, त्यामुळे कलेक्टर रीस्टार्ट केला की दहा मिनिटांपर्यंतचा डेटा वाया.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ॲक्टिव्ह टाइमआउट, म्हणजे चालू फ्लोचा हिशेब किती वेळाने पाठवायचा तो. तो १८०० सेकंदांवर सोडला तर काय होतं बघा. २० एमबीपीएसचा बॅकअप अर्धा तास चालला: ४.५ जीबी. राउटर हा हिशेब एकदम अर्ध्या तासाने पाठवतो. कलेक्टरने तो एकाच ५ मिनिटांच्या खान्यात टाकला की ग्राफवर १२० एमबीपीएस उभे राहतात, लाईन मात्र १०० ची! मग लोक म्हणतात नेटफ्लो खोटा. ॲक्टिव्ह ६० करा, इनॲक्टिव्ह (थांबलेल्या फ्लोचा) १५ राहू द्या.

जेल रोड

काका, सेटिंग सगळं बरोबर आहे, पण त्यातून हाती काय लागतं? यादी काढा. पहिले वीस फ्लो, सगळे ४४३ पोर्टवर. अर्धे टीसीपी, अर्धे क्विकमुळे (वेबचा यूडीपीवर चालणारा प्रोटोकॉल) यूडीपी. समोरचा पत्ता सीडीएनचा (अनेक साइटींचा माल जवळून देणाऱ्या सर्व्हरचा), नाहीतर प्रोव्हायडरच्याच कॅशचा. यूट्यूब आहे, विंडोज अपडेट आहे की कोणाचा फोन बॅकअप घेतोय, फ्लो काहीच सांगत नाही. त्यापेक्षा डीएनएसचा क्वेरी लॉग (कोणी कोणत्या साइटचं नाव विचारलं त्याची नोंद) ठेवा आणि स्विचच्या प्रत्येक पोर्टवर एसएनएमपी लावा. कोणत्या पोर्टवरून किती गेलं हे कळलं की तुमचा कॅमेरेवाला रेकॉर्डर तिथेच सापडतो, फ्लोची गरजच काय?

हां, एसएनएमपी नीट लावा. ३२ बिटांचा काउंटर ४.२९ जीबीला शून्यावर येतो. १०० एमबीपीएसवर ३४४ सेकंदांत, १ जीबीपीएसवर ३४ सेकंदांत. ५ मिनिटांनी वाचणाऱ्याला गिगाबिट पोर्टवर कचराच मिळणार. एचसीवाले ६४ बिटांचे काउंटर घ्या, दर मिनिटाला वाचा. ९० टक्के तक्रारी यातच मिटतात. उरलेल्या दहांसाठी कलेक्टर, डिस्क, त्याचे अपडेट, हा सगळा संसार कोण सांभाळणार? पेढीत आयटीवाला आठवड्यातून एकदा येतो.

रामबागकर

पोर्टवरून सापडतो, हे मॅनेज्ड (पोर्टचे आकडे देणारा) स्विच असेल तर. राजवाड्याच्या आसपास किती दुकानांत आहे? आणि एका पोर्टवर वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट असला की त्याच्यामागे चाळीस फोन, एकच आकडा. फ्लो त्या चाळीस जणांना वेगळं करतो (ॲक्सेस पॉइंट स्वतः नॅट करत नसेल, म्हणजे सगळ्यांना एकाच पत्त्यामागे झाकत नसेल तर). ४४३ चं म्हणाल तर मान्य, ॲप कळत नाही. पण 'कोण' आणि 'किती' कळलं की त्या माणसाला विचारता येतं.

राऊ-पीथमपूर

दोघेही एक गोष्ट सोडताय, आणि घोळ तिथेच होतो: मॉनिटर लावायचा कुठे? बरेच जण वॅन (बाहेरच्या लाईनच्या) पोर्टवर इनपुट लावून मोकळे होतात. बाहेरून येणारं पॅकेट नॅट उलटायच्या आधी मोजलं जातं, त्यामुळे सगळं डाउनलोड राउटरच्याच पब्लिक पत्त्याच्या नावावर. रामबागकरांचा 'कोण' गेला उडत. लॅन (आतल्या) इंटरफेसवरच इनपुट आणि आउटपुट दोन्ही लावा. तिथे दोन्ही दिशांना आतला खरा पत्ता दिसतो. आणि मग वॅनवर लावू नका. दोन्हीकडे दोन्ही दिशा लावल्या की एकच बाइट दोनदा मोजला जातो.

इंदूर ऑफिस आणि पीथमपूरचा कारखाना आयपीसेक टनेलने (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने) जोडलेले असतील तर आणखी एक. टनेल इंटरफेसवर खरे पत्ते आणि पोर्ट, खालच्या फिजिकल पोर्टवर तोच माल ईएसपी (आयपीसेकचं बंद पाकीट) म्हणून, प्रोटोकॉल ५०, पोर्ट काही नाही. दोन्हीकडे मोजलं तर बेरीज दुप्पट. वर ईएसपीचं ओझं वेगळं.

मायक्रोटिक राउटरवाल्यांसाठी: फास्टट्रॅक (पॅकेट झटपट पुढे ढकलण्याची सोय) चालू असेल तर ट्रॅफिक फ्लो (तिथला नेटफ्लो) आंधळा होतो हे वाक्य अजून जिकडेतिकडे फिरतंय. ते बंधन राउटरओएस ६.३३ मध्येच काढलं. त्या नादात फास्टट्रॅक बंद केलात तर हेक्ससारख्या छोट्या डब्याचा सीपीयू उगाच चढेल. खरं आंधळेपण वेगळीकडे आहे: जे पॅकेट स्विच चिपच्या पातळीवरच पुढे जातं, हार्डवेअर ऑफलोडमुळे, ते सीपीयूपर्यंत येतच नाही. त्यामुळे एकाच ब्रिजमधल्या दोन पीसींची आपापसातली कॉपी फ्लोमध्ये शोधू नका. तिथेही ॲक्टिव्ह टाइमआउट मुळात ३० मिनिटांचा असतो, तो १ मिनिट करा.

विजयनगर कोअर

सॅम्पलिंगवर एवढा राग का? गणित करा. ५० एमबीपीएस, सरासरी पॅकेट ८०० बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण ७,८०० पॅकेट. १००० मागे १ घेतलं तरी ५ मिनिटांत २,३०० च्या वर नमुने. एसफ्लोचं (स्विचवरच्या सॅम्पलिंगच्या पद्धतीचं) जुनं सूत्र आहे: टक्क्यांतली चूक जास्तीत जास्त १९६ भागिले नमुन्यांच्या संख्येचं वर्गमूळ. एकूण बेरजेत ४ टक्के. ५ टक्के वाहतूक खाणाऱ्या एका पीसीचे नमुने ११७, चूक १८ टक्के. लाईन कोण खातंय हे शोधायला एवढं भरपूर आहे. राउटरला कॅश ठेवावी लागत नाही, स्विच हेडर कापून यूडीपी पोर्ट ६३४३ वर पाठवतो आणि विसरतो. मात्र कलेक्टरला सॅम्पलिंगचा दर नीट कळलाय का ते बघा, नाहीतर आकडे हजारपट कमी दिसतील.

आणि सॅम्पलिंग न करता चालवताना एखादा पीसी व्हायरसने पछाडला आणि सेकंदाला हजारो नवे कनेक्शन उघडू लागला, तर प्रत्येक एकपॅकेटी फ्लो कॅशमध्ये एक जागा घेतो. कॅश भरली की जुन्या नोंदी मुदतीआधीच बाहेर ढकलल्या जातात, एक्स्पोर्टचा पूर येतो, सीपीयू चढतो. राउटर नेमका अडचणीच्या वेळी धापा टाकणार.

रामबागकर

भिया, तो पछाडलेला पीसी मला हवाच आहे! तुमच्याच आकड्यांनी बघा. कोणी राउटरपलीकडच्या दुसऱ्या आतल्या नेटवर्कचे २५४ पत्ते एकेका पॅकेटने चाचपले, तर हजारात एकच्या सॅम्पलिंगला त्यातलं एक तरी पॅकेट दिसायची शक्यता २२ टक्के. पाचातल्या चार वेळा काहीच नाही. १० जीबीपीएसच्या कोअरवर सॅम्पलिंगच करा, कोण अडवतंय? ऑफिसच्या राउटरवर कॅश पुरेशी मोठी ठेवा आणि कॅशच्या आकडेवारीत 'मुदतीआधी काढलेल्या' नोंदी वाढताहेत का बघत जा. त्या वाढल्या की तीच धोक्याची घंटा.

तुकोगंज

वाद बँडविड्थचा चाललाय, कायद्याचं कोणी बोलत नाही. सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. राउटरचं घड्याळ चुकीचं असेल तर फ्लोचा टाइमस्टॅम्प कवडीमोल, म्हणून एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणं) आधी, नेटफ्लो नंतर.

डिस्कची भीती मात्र फुकाची आहे, जेल रोड. सेकंदाला सरासरी ५० फ्लो धरले तर दिवसाला ४३ लाख २० हजार नोंदी. व्हर्जन ५ च्या हिशेबाने ४८ बाइटची एक, म्हणजे दिवसाला २०७ एमबी, १८० दिवसांना ३७ जीबी, तेही कॉम्प्रेस न करता. व्हर्जन ५ ला आयपीव्ही६ कळत नाही, ९ किंवा आयपीफिक्सच (९ वरून बनलेलं मानक) घ्या. नोंद मोठी होईल, दुप्पट धरा. जुन्या पीसीत टाकलेली २५० जीबीची एसएसडी पुरते.

पण एक बजावून सांगतो: फ्लो आहे म्हणून नॅटचा लॉग आहे असं समजू नका. पोलिसांचं पत्र पब्लिक पत्ता, पोर्ट आणि वेळ घेऊन येतं. लॅनवर मोजलेल्या फ्लोमध्ये नॅटनंतरचा पोर्ट नसतोच. मायक्रोटिकवर आयपीफिक्सखाली नॅट इव्हेंट्स चालू करावे लागतात आणि ती फील्ड वाचणारा कलेक्टर लागतो. सॅम्पल केलेल्या डेटाचा तर इथे उपयोग शून्य. छोट्या प्रोव्हायडरनी हे दुप्पट गांभीर्याने घ्यावं. त्यांच्या लायसन्समध्ये डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने मुदत दोन वर्षांची झाली आहे.

जेल रोड

डिस्कचं मानलं. पण कलेक्टरने दिलेला आकडा खरा कशावरून? यूडीपीवरून येतो, वाटेत पडला तर कोणी परत पाठवत नाही.

राऊ-पीथमपूर

प्रत्येक एक्स्पोर्ट पॅकेटमध्ये क्रमांक असतो. कलेक्टरच्या लॉगमध्ये 'सिक्वेन्स एरर' मोजा. तो वाढत असेल तर आधी कलेक्टरच्या लिनक्सवर यूडीपीचा रिसीव्ह बफर वाढवा, बहुतेक वेळा नेटवर्क नाही, बफरच अपुरा असतो.

मग एक परीक्षा. दुपारच्या जेवणाच्या वेळेत एका पीसीवर १ जीबीची फाइल उतरवा आणि त्या दहा मिनिटांची त्याच लॅन इंटरफेसची बेरीज फ्लो आणि एसएनएमपी दोन्हीकडे काढा. एसएनएमपी थोडा जास्तच दाखवणार: तो इथरनेटची फ्रेम मोजतो, फ्लो आयपी पॅकेट मोजतो. पॅकेटमागे १८ बाइटचा फरक, म्हणजे १५०० च्या पॅकेटवर १.२ टक्के, ८०० च्या सरासरीवर सव्वादोन. व्हीलॅन टॅग असेल तर आणखी ४ बाइट. फ्लो एसएनएमपीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरकाने कमी दाखवत असेल तर पॅकेट हरवताहेत. दुप्पट दाखवत असेल तर वॅनवरचा मॉनिटर काढायचा राहिलाय.