खो-खोच्या जर्सीसाठी देवनागरीत रेसिंगवाला तिरका फॉन्ट मिळेल का?

दांडियाबाजारकर:
मंडळी, बडोद्यात आमच्या पोरांची खो-खो टीम आहे, नाव 'झेप', जर्सी करायचीय, छातीवर मराठी आणि पाठीवर गुजराती. स्पॉन्सर शेठना फ्यूचरिस्टिक पाहिजे, म्हणजे जाड, कोनेदार, पुढे झुकलेलं, रेसच्या गाड्यांवर असतं तसलं. इंग्रजीत ढीगभर आहेत, एक्झो २ काय, चक्र पेच काय, हे नाव आपलं वाटतं पण आत थाई लिपी निघते 😄 देवनागरीत इटॅलिकच सापडत नाही. टेको नावाचा देवनागरी फॉन्ट घेऊन कोरलमध्ये (चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्क्यू केला, म्हणजे तिरका ढकलला, तर काहीतरी खटकतंय, काय ते कळत नाहीये.

खिळेजुळारी:
टेको बरोबर पकडलास, प चं पोटसुद्धा चौकोनी आहे त्यात, बोल्ड घे. इटॅलिक त्याला नाही, खंड आणि राजधानी या तसल्याच देवनागरी फॉन्टांनाही नाही, तेव्हा स्क्यू करावाच लागणार पण तिथे थांबायचं नाही. तुला खटकतेय ती मात्रा. 'झे'ची मात्रा मुळात डावीकडे जाते, सगळं उजवीकडे ढकललंस की दांडे (अक्षरांच्या उभ्या रेघा) पळतात आणि मात्रा मधेच उभी राहते, ब्रेक मारल्यासारखी. ती काढ आणि दांड्याच्याच कोनात कापलेली आखूड पाचर बसव. कोन १२ अंशांच्या आसपास ठेव, २० वर गेलास तर दांडा सहा टक्के बारीक होतो, शिरोरेघ तेवढीच जाड राहते, मग अक्षर डोक्यात जड दिसतं.

सूरसागरकाठी:
गुजरातीसाठी 'श्रीखंड' बघा, जाड आणि मुळातच तिरका, हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या वळणाचा. पण गोलमटोल आहे, फरसाणच्या दुकानाला शोभेल, खो-खोला नाही. आणि 'हिंद वडोदरा'च्या नावावर जाऊ नका हं, तो साधा सरळ वाचायचा फॉन्ट आहे. त्यापेक्षा टेकोच्या मापाने गुजराती अक्षरं हातानेच काढा, शिरोरेघ नाही त्यामुळे झुकवायला सोपी जातात. फक्त दोन्हीकडे कोन एकच ठेवा.

हीटप्रेसवाला:
सब्लिमेशन, म्हणजे शाई कापडातच मुरवायची छपाई, असेल तर काहीही चालतं. विनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, कापून गरम प्रेसने चिकटवणार असाल तर अक्षरातून वेग दाखवणाऱ्या बारीक चिरा काढू नका, सोलताना जीव जातो, आणि टोकदार कोपरे धुण्यात पहिले उचलतात, जरासे गोल करा. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, द्या भाऊ, दुकानात फॉन्ट नसला की भलतंच उघडतं.

दांडियाबाजारकर:
मात्रा बदलली, च्यायला काय फरक पडला! आता शेठ म्हणतात शिरोरेघच उडवा, मॉडर्न दिसेल.

खिळेजुळारी:
झ आणि प दोन्ही सुटे पडतील, तुझी पाचर कशाला टेकणार मग? फार हट्ट केला तर दोन अक्षरांच्या मधे शिरोरेघेत त्याच कोनातली एक फट ठेव, बास.

हीटप्रेसवाला:
आणि खो देताना थाप पाठीवरच बसते, तेव्हा गुजरातीवालं आधी झिजणार. मागचं तरी सब्लिमेशनमध्येच करा.