पुतळ्यांचे फोटो कॅलेंडरवर छापून विकता येतात का?

मेघा_गिरगाव
नमस्कार मंडळी, 'मुंबईचे पुतळे' असं भिंतीवरचं कॅलेंडर काढतेय. काळा घोडा, फ्लोरा फाउंटन, गेटवेसमोरचे शिवाजी महाराज, शिवाय चॅपेल रोडवरचं एक भित्तिचित्र. फोटो माझे, दोन मित्राचे. खालच्या पट्टीत चष्म्याच्या दुकानाची जाहिरात, छपाईचा खर्च त्यातूनच निघेल. काळा घोडा २०१७ चा, म्हणजे शिल्पकाराची परवानगी लागेल ना? फ्रिज मॅग्नेटही करायचेत. छापखानेवाले अ‍ॅडव्हान्स मागताहेत, लवकर सांगा.

सॉलिसिटर_फोर्ट
मेघाताई, घोड्याची काळजी सोडा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(टी): सार्वजनिक जागी कायमचं बसवलेलं शिल्प असेल, तर त्याचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. विकायला मनाई केलेली नाही. 'कायमचं' हा शब्द मात्र महत्त्वाचा. फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हलला रस्त्यावर जी कलाकृती उभी करतात आणि आठवड्याने उचलतात, तिला ही सवलत नाही. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, तिथे प्रश्नच नाही.
मॅग्नेटवर सपाट फोटो चालेल. घोड्याची छोटी मूर्ती ओतून विकू नका, सवलत फोटो-चित्रांपुरतीच आहे. आणि शिल्पकार श्रीहरी भोसले यांचं नाव पानावर जरूर छापा. रोज हजारो लोक तो घोडा बघतात, घडवणारा कुणालाच ठाऊक नसतो, याचं वाईट वाटतं.

रंगारी_वांद्रे
भित्तिचित्राचं वेगळं आहे. त्या कलमात शिल्प आणि कलात्मक कारागिरी आहे, रंगवलेलं चित्र नाही. चित्रकाराला गाठून लेखी होकार घ्या. बहुतेकांची सही भिंतीच्या कोपऱ्यात असते. आम्ही उन्हात शिडीवर उभं राहून रंगवतो हो, निदान विचारा तरी. मित्राच्या फोटोंचंही तेच. पुतळ्याची सवलत मिळाली तरी फोटोवर हक्क त्याचाच.

सॉलिसिटर_फोर्ट
सगळ्यात जपून राहायचं ते महाराजांच्या पानाला, आणि तिथे कॉपीराइटचा संबंधच नाही. बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा १९५० चा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र येतं, व्यापारासाठी वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते. कॅलेंडरला सूट आहे, पण त्यावर फक्त काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव हवं, मालाची जाहिरात नको. तुमची चष्म्याची पट्टी नेमकी इथे अडते. त्या एका पानावरून पट्टी काढून भागेल असं धरू नका, कॅलेंडर जाहिरातीचंच राहतं. महाराजांचा मॅग्नेट तर नकोच, ती सूट कॅलेंडरपुरती आहे. बाजारात सर्रास विकतात म्हणून आपणही करावं असं नाही.

पोस्टकार्डवाला
गेटवेच्या फोटोत मागे ताज येतो का बघा. त्या इमारतीच्या रूपाचा २०१७ मध्ये ट्रेडमार्क झालाय. ताजच ठळक दिसत असेल तर फोटो बदला.

मेघा_गिरगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. जाहिरात काढून टाकते, किंमत थोडी वाढवते. महाराजांना वगळून मुंबईच्या पुतळ्यांचं कॅलेंडर मला काढायचंच नाही. त्या भिंतीवरची सही उद्या बघून येते.