मदत हवी आहे: शिक्षण परिषदेत बहुवर्ग अध्यापनाचं सत्र
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आमच्या केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, बहुवर्ग अध्यापनावर (एकाच शिक्षकाने एकाच वेळी एकाहून जास्त इयत्ता शिकवण्यावर) दीड तासाचं सत्र माझ्याकडे आलं आहे. आमची शाळा द्विशिक्षकी; पहिली-दुसरी एकाच खोलीत, माझ्याकडे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. पण नुसती पीपीटी बघून वर्गात काही बदलत नाही, हा माझा अनुभव. मला शिक्षकांकडून प्रत्यक्ष करून घ्यायचंय. माझी पहिलीतली एक मुलगी क, म, ळ सुटं ओळखते, पण 'कमळ' वाच म्हटलं की चित्र बघून 'फूल' म्हणते. तिच्याजवळ दहा मिनिटं बसायचं, तर तेवढ्यात दुसरीच्या मुलांना कशात गुंतवायचं? कुणी असं सत्र घेतलंय का? गटात करून बघता येईल अशी एखादी कृती आणि तिला लागलेला वेळ कृपया सांगा.