‘चार घटका रात्र शेष असता’ म्हणजे घड्याळात किती वाजता?

बखरवाचक: जुन्या मराठी पत्रांत ‘चार घटका दिवस राहता’, ‘प्रहर रात्र गेलियावर’, ‘चार घटका रात्र शेष असता’ असे उल्लेख पानोपानी येतात. घटका २४ मिनिटांची, तेव्हा चार घटका म्हणजे ९६ मिनिटं, इथपर्यंत ठीक. पण ही ९६ मिनिटं घड्याळात बसवायची कशी? आणि प्रहर सरसकट तीन तासांचा धरायचा का?

मोडीमित्र: कोष्टक सोपं आहे. ६० विपळांचं पळ, ६० पळांची घटका, ६० घटकांचं अहोरात्र. म्हणून पळ २४ सेकंदांचं, मुहूर्त दोन घटकांचा आणि तास अडीच घटकांचा. घटकांची दुप्पट करून पाचाने भागलं की तास येतात. पंचांगात तिथीपुढे २३ घ. ४५ प. असेल तर ती सूर्योदयानंतर साडेनऊ तासांनी संपते, सूर्योदय ६.२० चा असला तर दुपारी ३.५० ला.

पंचांगात सगळं सूर्योदयापासून मोजलेलं असतं, पत्रांत तसं नसतं. ‘दिवस आला’ म्हणजे सूर्योदयापासून पुढे, ‘दिवस राहिला’ म्हणजे सूर्यास्तापासून मागे. ‘रात्र गेली’ सूर्यास्तापासून पुढे, तर ‘रात्र शेष’ येणाऱ्या सूर्योदयापासून मागे. त्यामुळे त्या दिवसाचा, त्या गावचा उदयास्त आधी काढावा लागतो. पुण्यात ‘चार घटका दिवस राहता’ म्हणजे डिसेंबरअखेर साधारण साडेचार, तर जूनअखेर साडेपाच वाजून गेलेले.

इंग्रजी तारीख घालताना तर फारच जपा. आपला वार सूर्योदयाला बदलतो. ‘मंगळवारी चार घटका रात्र शेष असता’ कूच झालं असेल, तर आजच्या हिशेबाने ती बुधवारची पहाट. इथे चुकलं की अख्खी मोहीम एक दिवस मागे सरकते.

तिथिवार: प्रहराबद्दल थोडं. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार, म्हणून आपण ‘अष्टौप्रहर’ म्हणतो. सरासरीने प्रहर तीन तासांचा, साडेसात घटकांचा. पण दिवसाचा प्रहर म्हणजे दिनमानाचा चौथा हिस्सा, आणि दिनमान ऋतूप्रमाणे बदलतं. पुण्याचं दिनमान डिसेंबरात सुमारे साडेसत्तावीस घटका, जूनमध्ये सुमारे तेहतीस. म्हणजे दिवसाचा प्रहर हिवाळ्यात पावणेतीन तासांचा आणि उन्हाळ्यात सव्वातीनच्या थोडा वर. रात्रीचा याच्या उलट. घटका मात्र बारा महिने २४ मिनिटांचीच, कारण ती घटिकापात्राने मोजायची: बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. ‘त्याची घटका भरली’ हे तिथूनच आलं.

बखरवाचक: म्हणजे ‘दोन प्रहरी’ असं आलं की दुपारचे बारा लिहिलेले चालतील ना?

तिथिवार: सूर्य माथ्यावर येण्याची वेळ म्हणून चालेल, आपल्या मनगटावरच्या घड्याळाचे बारा म्हणून नाही. १९०६ पासूनची भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे. पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. पुण्यात मध्यान्ह सरासरी १२.३५ ला होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या आसपास, फेब्रुवारीत १२.४९ पर्यंत. मध्यान्हीचे बारा धरायचे असतील तर ‘स्थानिक वेळ’ असं स्पष्ट लिहा, आणि मग उदयास्तही स्थानिक वेळेतच घ्या. वर मोडीमित्रांनी दिलेले साडेचार-साडेपाच प्रमाणवेळेतले आहेत. दोन्हींची सरमिसळ झाली तर पाऊण-एक घटकेचा नाही, चांगला दीड घटकेचा फरक पडतो.

मोडीमित्र: पटलं. एक भर घालतो. छावणीतून पत्र लिहिणारा दर वेळी पात्र बघून लिहीत असेल असं मानू नका. त्यातल्या ‘चार घटका’, ‘दीड प्रहर’ बऱ्याचदा सूर्याकडे बघून केलेला अंदाज असतो. तेव्हा टीपेत ‘४.२७’ असं कधीच लिहू नये. ‘सुमारे साडेचार’ लिहावं आणि मूळ शब्द जसेच्या तसे ठेवावेत. लग्नपत्रिकेतला मुहूर्त किंवा जन्मटिपणातली इष्ट घटी (सूर्योदयापासून जन्मापर्यंत गेलेल्या घटका) असेल, तर मात्र पळांपर्यंत हिशेब करा. तिथे लिहिणाऱ्याने खरंच मोजलेलं असतं.