ब्राझील: मुंबईच्या छोट्या निर्यातदाराने उतरावं, की आखातातच राहावं?

नागदेवी_हार्डवेअर (धागाकर्ता)

नागदेवी स्ट्रीट, वसई, अंबरनाथ इथल्या व्हॉल्व्ह, पाइप फिटिंग आणि हँड टूलवाल्यांची निर्यात म्हणजे दुबई, फार तर मस्कत. ब्राझीलचं नाव काढलं की "लांब आहे हो" म्हणून विषय संपतो. तिथे २० कोटींच्या वर लोक आहेत, साखर-इथेनॉलचे कारखाने, लोहखनिजाच्या खाणी, कागदाचा लगदा काढणारे प्रचंड प्लांट आहेत. अशा ठिकाणी मेंटेनन्सला फिटिंग आणि व्हॉल्व्ह लागतातच. शिवाय मर्कोसूर (ब्राझीलसह दक्षिण अमेरिकी देशांचा व्यापारगट) आणि भारत यांच्यातला शुल्कसवलतीचा करार १ जून २००९ पासून लागू आहे. माझं मत स्पष्ट आहे: वर्षाला दोन-चार कंटेनर काढणाऱ्यानेही आता उतरावं. विरोध करा, पण आकडे घेऊन.

सीएचए_उरण

घ्या आकडे. ब्राझीलच्या सांतोस बंदरातली सीआयएफ किंमत (माल, विमा आणि जहाजभाडं धरून) १०० धरा. आयात शुल्क समजा १४ टक्के, झाले ११४. त्यावर आयपीआय हा औद्योगिक मालावरचा कर समजा ५ टक्के, म्हणजे ५.७०. पीआयएस आणि कोफिन्स या केंद्रीय करांचे सीआयएफ किमतीवर लागणारे आयातीचे सर्वसाधारण दर २.१ आणि ९.६५, म्हणजे आणखी ११.७५. बेरीज १३१.४५. आता साओ पाउलो राज्याचा आयसीएमएस, १८ टक्के. आपल्या सवयीने कोणी १३१.४५ वर १८ टक्के लावेल आणि तिथेच फसेल. हा कर आतून लागतो, म्हणजे ज्या रकमेवर तो काढायचा तिच्यात तो स्वतःही धरलेला असतो. म्हणून १३१.४५ ला ०.८२ ने भागायचं. उत्तर १६०.३०. समुद्रभाड्यावरचा ८ टक्के अधिभार, बंदराचं गोदामभाडं, तिथल्या एजंटची फी अजून बाहेरच आहे.

कराराचं कौतुकही जरा जपून. मर्कोसूरने आपल्याला सवलत दिलेल्या टॅरिफ लाइन (शुल्कयादीतल्या मालाच्या नोंदी) ४५२, आणि त्यातल्या बहुतेकांवर सवलत १० टक्केच. तीही शुल्काच्या १० टक्के. १४ चे ४ होत नाहीत, १२.६ होतात. त्यासाठी ओरिजिन सर्टिफिकेट (माल भारतातच बनल्याचा दाखला) काढा, कच्च्या मालाचा हिशेब द्या. आपल्या मालाचा आठ आकडी कोड यादीत आहे की नाही, हे न बघताच कोटेशनमध्ये "ड्युटी सवलत मिळेल" असं लिहिणारे कमी नाहीत.

हिशेबनीस_दादर

साहेब, गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष अर्धाच. आयपीआय, आयसीएमएस आणि पीआयएस-कोफिन्सचं क्रेडिट मिळतं, आपल्या जीएसटीतल्या आयटीसीसारखंच, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा होतो. फक्त आयातदार कुठल्या करपद्धतीत आहे ते बघावं लागतं. "लुक्रो रिआल"मधला (खऱ्या नफ्यावर कर भरणारा) व्यापारी पुढे विकताना तिन्हींची वजावट घेतो, त्याच्या लेखी तुमचा माल ११४ च्या आसपास. "लुक्रो प्रेझुमिदो"वाल्याला (अंदाजे नफ्यावर कर भरणाऱ्याला) पीआयएस-कोफिन्सची वजावट नाही. आणि छोट्यांसाठीच्या "सिम्प्लेस"मधल्याला काहीच नाही, त्याला तो पूर्ण १६० ला पडतो. तोच व्हॉल्व्ह, तेच बंदर. म्हणून चौकशीची ई-मेल आली की भाव सांगायच्या आधी करपद्धत विचारा. सिम्प्लेसवाला असेल तर चहा पाजून सोडून द्या.

शिवाय हे सगळं बदलतंय. डिसेंबर २०२३ च्या घटनादुरुस्तीने तिथे जीएसटीसारखा दुहेरी कर येतोय: केंद्राचा सीबीएस, राज्यं आणि नगरपालिकांचा आयबीएस. २०२६ हे ०.९ आणि ०.१ टक्क्याचं चाचणी वर्ष, २०२७ पासून पीआयएस-कोफिन्सच्या जागी सीबीएस, आयसीएमएस २०२९ पासून उतरत जाऊन २०३३ ला संपणार. नवे कर बाहेरून लागतात, ०.८२ चा भागाकार तेव्हा इतिहासजमा.

सीएचए_उरण

@हिशेबनीस_दादर २०३३ पर्यंत जुना आणि नवा असे दोन्ही हिशेब ठेवायचे, हे सांगायचं राहिलं. क्रेडिट मिळतं मान्य, पण रोख आधी भरावी लागते. जून २०२५ मध्ये तिथला सेलिक, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा मूळ व्याजदर, १५ टक्क्यांवर गेला. एवढ्या महाग पैशात शंभराच्या मालामागे करांचे ४६ रुपये अडकवणारा आयातदार तुमच्याकडे ९० दिवसांची उधारी मागणारच. माल समुद्रात महिना-सव्वा महिना, त्यावर उधारी. व्याज त्याचं, खिसा तुमचा.

डॉक्युमेंट_भांडुप

मी दोघांच्या मध्ये. बाजार आहे, पण कागद चुकला की माफी नाही. मुख्य चुका लिहून ठेवते.

बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीची मालपावती) आयातदाराचा सीएनपीजे क्रमांक (तिथल्या कंपनीचा करनोंदणी क्रमांक), एनसीएम म्हणजे मर्कोसूरच्या माल-कोडचे किमान पहिले चार आकडे आणि लाकडी पॅकिंगची स्थिती आलीच पाहिजे. आपली शिपिंग लाइन ड्राफ्ट पाठवते तेव्हाच तपासा. जहाज सुटल्यावर दुरुस्तीचा खर्च आणि दंड दोन्ही अंगावर येतात.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का, आणि तो वाचता येईल असा. भिवंडीच्या गोदामात जुनी पॅलेट उचलून त्यावर माल रचतात, शिक्का अर्धवट पुसलेला असतो. तिथलं कृषी खातं अशी पॅलेट परत पाठवायला लावतं, कधी मालासकट. फिटिंगसारख्या मालाला सरळ प्लायवुडची पेटी वापरा, तिला हा नियम लागत नाही.

आयातदाराकडे "रादार" ही तिथल्या सीमाशुल्क खात्याची नोंदणी हवी, आणि तिच्या पायरीप्रमाणे सहा महिन्यांची डॉलरमर्यादा असते. सगळ्यात खालची ५० हजार. त्याची मर्यादा संपत आलेली आणि तुम्ही ७० हजारांचा कंटेनर भरलात, तर माल बंदरात उतरेल, सुटणार नाही. ९० दिवसांत क्लिअरन्स सुरू झाला नाही तर माल सोडून दिलेला धरून जप्तीची कारवाई सुरू होते. नोंदणीचा पुरावा ऑर्डरसोबतच मागा.

एनसीएम कोड चुकला तर दंड होतो. दंड आयातदाराला, पण पुढच्या बिलातून कापला जातो तुमच्याच. कोड तुम्ही ठरवू नका, त्याच्या एजंटकडून लेखी घ्या.

क्रीकसाइड

एवढा खटाटोप कशासाठी? संयुक्त अरब अमिरातीशी सेपा हा व्यापार करार १ मे २०२२ पासून चालू आहे. न्हावाशेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर काही दिवसांवर. खरेदीदार हिंदी बोलतो, फोन उचलतो. आणि ब्राझील अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचं जादा शुल्क) लावायला मागेपुढे बघत नाही. भारताच्या पीईटी फिल्मवर लागलेलं आहे. उद्या तुमच्या फिटिंगवर लागलं की दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

नागदेवी_हार्डवेअर

@क्रीकसाइड दुबईत तुमच्या शेजारच्या गाळ्यातला माणूस तुमच्याच मालाचा भाव दोन टक्क्यांनी पाडतो, आणि चिनी माल तिथेही आहेच. अँटी-डंपिंगची धास्ती मोठ्या फिल्म कारखान्याला. तिथल्या उद्योगाला नुकसान झाल्याचं सिद्ध व्हावं लागतं, आणि आयातीत एखाद्या देशाचा हिस्सा ३ टक्क्यांखाली असेल तर तो साधारणपणे चौकशीतून वगळला जातो.

क्रीकसाइड

३ टक्के देशाचा हिस्सा, तुमचा नव्हे. राजकोट आणि लुधियाना आत घुसले की मोजणी त्यांच्यासकट. वगळण्यालाही अपवाद आहे: ३ टक्क्यांखालचे देश मिळून ७ टक्क्यांच्या वर गेले तर सगळेच चौकशीत.

दाणाबंदर_वाशी

सगळे निर्यातच का धरून बसलात? सोयाबीन तेल तिथून येतंच, आता उडीदही येतो. म्यानमारवर विसंबण्याला तेवढाच पर्याय. धोका एकच, पण मोठा: डाळींचं आयात धोरण आपलं सरकार अधिसूचनेने बदलतं, आणि तुमचं जहाज तेव्हा अटलांटिकात असतं. सौदा करताना अधिसूचनेची शेवटची तारीख आणि ती बिल ऑफ लेडिंगला लागू की बंदरात पोचण्याला, हे आधी वाचा.

सीएस_ठाणे

"माल कशाला, तिथे कंपनीच काढू" असं कोणी म्हणायच्या आत: परदेशी भागीदाराला तिथे राहणारा मुखत्यार नेमावा लागतो. इथले कागद अपोस्टिल करून तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून पोर्तुगीजमध्ये करून घ्यायचे. इकडे फेमा या परकीय चलन कायद्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पैसे पाठवायच्या आधी बँकेतून फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) आणि यूआयएन (त्या गुंतवणुकीचा क्रमांक), पुढे दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर हा वार्षिक अहवाल. नोकर ठेवलात तर तेरावा पगार, ३० दिवसांच्या रजेवर एक तृतीयांश जादा, एफजीटीएस या कामगार निधीत पगाराच्या ८ टक्के, आणि विनाकारण काढलंत तर त्या साठलेल्या रकमेवर ४० टक्के भरपाई. दोन-चार कंटेनरवाल्याने याचं नावही काढू नये.

हिशेबनीस_दादर

@सीएस_ठाणे सहमत. एजंट किंवा वितरक पुरे. उधारीसाठी ईसीजीसीचा (सरकारी निर्यात-पतविमा) विमा घ्या, पण दर्जावरून वाद झाला की तिथल्या कोर्टाचा निकाल आणल्याशिवाय दावा मिळत नाही, म्हणून मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूच्या दर्जाचा कारखान्याचा दाखला) आणि माल चढण्याआधीचा तपासणी अहवाल दर खेपेला. आणि वितरकाशी बोलणी सुरू व्हायच्या आधी ब्रँड नोंदवा. ब्राझीलमध्ये साधारणपणे आधी अर्ज करणाऱ्याला हक्क मिळतो. ऑक्टोबर २०१९ पासून ब्राझील माद्रिद प्रोटोकॉलमध्ये (एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याचा करार) आहे, त्यामुळे इथल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीतूनच अर्ज जातो.

सीएचए_उरण

वितरकाने आधीच त्याच्या नावावर केला असेल तर?

हिशेबनीस_दादर

तर पहिला कंटेनर बिनब्रँडचा जाऊ द्या आणि दुसरा वितरक शोधा.